माणशी सहाशे ग्रॅम

एप्रिल संपत आला तरी बीस्कमध्ये
नदीतून बर्फाचे तुकडे जातायत,
एकमेकांवर आपटत,
जत्रा संपवून निघालेल्या दारुड्यांसारखे.
आणि माझ्या स्वयंपाकघरात
रेडिएटरवर वाळतायत राईच्या पावाचे काप,
चाळणीत गाजर,
तव्यावर खिमा, परतून परतून वाळूसारखा.

चौदा दिवस. सहा माणसं.
माणशी दिवसाला सहाशे ग्रॅम.
जास्त नाही, कारण प्रत्येक ग्रॅम
आधी पाठीवरून खिंड चढतो
आणि मग नदीत उतरतो.

मी तायसिया. शाळेत भौतिकशास्त्र शिकवते.
एकवीस वर्षं वजनकाटा माझ्याकडे आहे.
रोदिओन नव्या पोरांना सांगतो,
"हिनं माझ्या टूथब्रशची दांडी कापली होती."
कापली होती.
चार ग्रॅम वाचले.

त्याच्या गॅरेजमध्ये कॅटामरानचे फुगे पसरलेत.
आयदिन साबणाचं पाणी फासतो, कान लावतो;
बुडबुडा आला की खडूनं गोल.
सांगाडा न्यायचा नाही,
तो तिथेच, वाळक्या लार्चचे खांब तोडून बांधायचा.
काड्यापेट्या मेणात बुडवल्या.
सूटच्या गळ्याच्या रबराला पावडर लावली,
तान्ह्याच्या मानेला लावतात तशी हलक्या हातानं.

नकाशा हातानं काढलेला, कुणाचा कुणास ठाऊक.
एका वळणावर लिहिलंय :
"डावीकडून. मध्ये बसलेल्या गाईएवढा दगड."
खाली दुसऱ्या शाईत :
"पाणी वाढलं की गाय दिसत नाही.
असते."

आयदिनच्या आईनं, सुर्कुरानं,
उलागानहून पिशवीभर तालकान पाठवलंय,
भाजक्या जवाचं पीठ, आणि निरोप :
तारीख मोठ्यानं बोलू नका.
भिंतीला असोत नसोत,
नदीला कान असतात.

रविवारी सराव. पाणी तीन अंश.
उडी मारायची, दोर धरायचा,
पाण्यातच गाठ सोडायची.
झाखारनं, एकोणीस वर्षांच्या पोरानं,
चाळीस सेकंदांत सोडली आणि वर शीळ घातली.
मग मी.
मला गाठ दिसत होती.
बोटंही दिसत होती.
दोघांची ओळख मात्र राहिली नव्हती.
दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा
झाखारनं दोर ओढून मला काठावर घेतलं.

"हातमोजा उसवलाय," मी म्हटलं.
रोदिओननं मोजा हातात घेतला, उलटा करून पाहिला.
तो त्यानंच शिवला होता.
काही बोलला नाही.
थर्मासमधला चहा ओतला, साखर जास्त घातली,
आणि पेला माझ्या तळव्यांमध्ये
दाबून धरून ठेवला.

दरवर्षी मी फळ्यावर लिहिते :
पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगानं
शरीराची ऊब ओढून नेतं.
मुलं वहीत उतरवून घेतात.
मीही उतरवून घेत होते बहुतेक,
गेले दोन हिवाळे
डबे उघडताना, खडू धरताना,
सांधे सुजलेली सकाळ
बाहीत लपवताना.

मार्गपुस्तिकेत सहा नावं आहेत.
रात्री पट्टी घेतली
आणि एकावर सरळ रेघ मारली.
समासात लिहिलं :
चुलिश्मानच्या संगमाशी ट्रक घेऊन थांबेल. ताजा पाव आणेल.

मग पुन्हा सगळं मोजायला बसले.
चौदा गुणिले सहाशे :
आठ किलो चारशे ग्रॅम.
एवढी मी त्या नावेतून कमी झाले.

सकाळी झाखार आला. काटा त्याच्यापुढे सरकवला.
"शून्यावर आणल्याशिवाय काही ठेवायचं नाही,"
मी सांगितलं. "आणि कुणाची दया करायची नाही."
त्यानं मान डोलावली,
खिशातून स्वतःचा टूथब्रश काढला,
माझ्याकडे पाहिलं,
आणि करवत कुठे आहे विचारलं.

तो बाहेर गेला तेव्हा
बाजूला काढलेल्या पिशवीत हात घातला,
पावाचा एक काप घेतला
आणि न तोलता खाल्ला.